स्टेटस काढून टाकल्यानं माणूस सुरक्षित होतो का?

(देवपूर, धुळे इथं तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला : देशाचं राजकारण आणि व्यक्तीचे अधिकार. विषय मोठा आहे आणि मी वकील नाही, नेता नाही, आलिमही नाही. धुळ्यात शिकलो, इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे मी बोलणार आहे ते एका वस्तूबद्दल, जी आत्ता तुमच्या सगळ्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये आहे. तुमचा फोन.

आपल्या घरांत एक नियम आहे. तो कुठल्या विधानसभेनं केला नाही, कुठल्या राजपत्रात छापला नाही, पण त्याची अंमलबजावणी सगळ्यात कडक होते. नियम असा : ‘फोनवर राजकारणाचं काही टाकायचं नाही.’ अम्मी सांगते, मामू सांगतात, नोकरी लागली की मोठा भाऊ सांगतो. लग्न ठरलं की सासरचेही सांगतात. मुलगा शिकायला पुण्याला, नाशिकला निघाला की डब्याबरोबर हीच शिदोरी मिळते. सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावरून ते सांगतात.

धुळ्यात त्यांनी काय पाहिलं हे तुम्हाला माहीत आहे. ६ जानेवारी २०१३ला पांझरेच्या पलीकडे, जुन्या धुळ्यात, हॉटेलच्या बिलावरून भांडण सुरू झालं, दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा मुस्लीम तरुण गेले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. गेलेली मुलं साधारण माझ्याच पिढीची. अशा गावात आई म्हणाली, ‘बेटा, तू काही लिहू नको’, तर तिला भित्री म्हणायचा हक्क मला नाही.

पण आज मला तुमच्यासमोर एक प्रश्न ठेवायचा आहे. हा नियम पाळून आपण खरंच सुरक्षित झालो का?

मताला दिलेलं नाव

माझी चिडचिड कुठून सुरू झाली ते आधी सांगतो. २०२४ची लोकसभा निवडणूक. आपल्या धुळे मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात : धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. पहिल्या पाच ठिकाणी भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. सहाव्या ठिकाणी, मालेगाव मध्यमध्ये, काँग्रेसच्या शोभा बच्छाव सुमारे १ लाख ९४ हजार मतांनी पुढे गेल्या. शेवटी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्यानंतर राज्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच मतदारसंघाचं उदाहरण देऊन ‘व्होट जिहाद’ हा शब्द वापरला.

आता शांतपणे बघा. पाच ठिकाणी लोकांनी एका उमेदवाराला भरभरून मतं दिली, त्याला जनतेचा कौल म्हणतात. सहाव्या ठिकाणच्या लोकांनी दुसऱ्या उमेदवाराला भरभरून मतं दिली, तर त्याला जिहाद म्हणतात. आणि ती दुसरी उमेदवार कोण होती? नाशिकची एक डॉक्टर बाई, नाव शोभा. मालेगावच्या मुसलमानानं धर्म बघून मत दिलं असं म्हणायचं, तर मग त्यानं नक्की कुणाचा धर्म बघितला?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. त्याच मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात सरळ झुंज झाली आणि निकाल लागला १६२ मतांनी. दोन लाखांहून जास्त मतदार जवळपास अर्धे-अर्धे वाटले गेले. ज्यांना एकगठ्ठा म्हणतात ते लोक असे असतात का? पण या १६२ मतांवर कुणी भाषण केलं नाही, कारण ते आकडे ठरलेल्या गोष्टीत बसत नव्हते.

मी हे सांगतोय ते कुठल्या पक्षासाठी नाही. मुद्दा वेगळा आहे. मत देणं हे जगातलं सगळ्यात गुपचूप बोलणं आहे. पडद्याआड जाऊन एक बटण दाबायचं, कुणाला सांगायचं नाही, बाहेर पडायचं. आपण तेवढंच केलं होतं. कुठलं स्टेटस नाही, पोस्ट नाही, घोषणा नाही. तरी त्याला नाव ठेवलं गेलं. म्हणजे गप्प बसल्यानं संशय टळतो, हे आपल्या नियमाचं मूळच पक्कं नाही.

पुण्यात घर शोधताना हाच अनुभव आला. एजंटनं फोनवर भाडं, डिपॉझिट, पार्किंग सगळं सांगितलं. शेवटी माझं नाव विचारलं. मग म्हणाला, ‘मालकांना विचारून कळवतो.’ तो फोन अजून यायचाय. मी त्याला काय लिहिलं होतं? काहीच नाही. माझं नाव तेवढं सांगितलं होतं. देशात कुठं काही वाईट घडलं की ऑफिसात चहाच्या वेळी दोन-तीन नजरा माझ्याकडे वळतात, मी निषेध करतोय की नाही हे बघायला. मी बोललो तर ‘बघा, बोलला’, नाही बोललो तर ‘बघा, गप्प आहे’. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे सांगायची गरज नाही.

पालघर, कोल्हापूर, पुणे

आता महाराष्ट्रातल्याच तीन गोष्टी सांगतो. तारखांसकट सांगतो, कारण अफवेपेक्षा तारीख आपल्या जास्त उपयोगाची आहे.

पहिली, पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी बंदसारखी परिस्थिती होती. पालघरच्या एका तरुण मुस्लीम मुलीनं फेसबुकवर लिहिलं की असा बंद कशासाठी. तिच्या हिंदू मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ होतं. त्या कलमात ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते आणि शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत. कुणाला गैरसोय वाटली की गुन्हा! या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ला न्यायालयानं ते अख्खं कलम रद्द केलं. न्यायालयानं सांगितलं की चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं हे स्वातंत्र्यात येतं. मामला चिथावणीपर्यंत पोचला, तरच बंधन घालता येतं.

कलम रद्द झालं, पण पोलीस ठाण्यांत ते वापरलं जातच राहिलं. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. आमच्या धंद्यात हे रोज होतं. चूक दुरुस्त केलेलं नवं व्हर्जन निघतं, पण अर्ध्या सर्व्हरवर जुनंच चालू असतं. प्रत्येक मशीनवर जाऊन कुणीतरी बघावं लागतं. कायद्याच्या बाबतीत ते बघणारा माणूस म्हणजे नागरिक.

दुसरी, कोल्हापूर. ऑगस्ट २०२२. तिथं शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकानं व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कलम १५३-अ, म्हणजे समाजांमध्ये वैर पसरवणं. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ मार्च २०२४ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे नाव लक्षात ठेवा. न्यायालयाचं म्हणणं असं की कलम ३७० हटवण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. ती देणाऱ्याचा धर्म मुस्लीम आहे म्हणून तिला वाईट हेतू चिकटवता येत नाही. आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांनाही शिकवायला हवं.

या निकालात एक कसोटी वापरली आहे. एखाद्या वाक्यानं वैर पसरतं की नाही, हे कुणाच्या नजरेनं ठरवायचं? जो प्रत्येक गोष्टीत धोका बघतो त्याच्या नजरेनं नाही. समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेनं. ही कसोटी कुठली? आपल्याच नागपूरच्या उच्च न्यायालयातली, न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली, इंग्रजांच्या राज्यात दिलेली.

तिसरी, पुणे. मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. १९ वर्षांची एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मूळची काश्मीरची. तिनं इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुन्हा टाकली. धमक्या आल्या. तिनं दोन तासांत पोस्ट काढली आणि माफी मागितली. तरी कॉलेजनं तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली, परीक्षेच्या दिवसांत ती तुरुंगात होती. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, कॉलेजच्या कारवाईला स्थगिती दिली आणि सरकारला सुनावलं की तुम्ही एका विद्यार्थिनीचं आयुष्य उद्ध्वस्त करताय.

ती पोस्ट टाकायला हवी होती का, हा वेगळा प्रश्न आहे. पण आजच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. तिनं स्टेटस काढून टाकलं होतं. स्क्रीनशॉट आधीच फिरत होते. काढून टाकल्यानं ती वाचली नाही. तिला सोडवलं ते तिच्यासाठी उभ्या राहिलेल्या वकिलानं आणि घटनेच्या अनुच्छेद १९नं.

उशिराचा न्याय आणि आधीची शिक्षा

तुमच्यातला कुणी म्हणेल, भाई, निकाल चांगले आहेत, पण प्राध्यापकाला दीड वर्षाहून जास्त काळ लागला त्याचं काय? हा प्रश्न बरोबर आहे, मीही तो रोज स्वतःला विचारतो.

आपल्याकडे शिक्षा निकालानंतर सुरू होत नाही. एफआयआरच्या दिवशी सुरू होते. फोन जप्त होतो. नोकरी देणारी कंपनी पोलीस पडताळणी करते. पासपोर्ट अडतो. मोहल्ल्यात लोक बाजूनं जाताना हळू बोलतात. भुसावळच्या नावानं ओळखला गेलेला टाडाचा खटला आठवा. १९९४ साली अटक झालेल्या ११ मुस्लिमांना नाशिकच्या विशेष न्यायालयानं फेब्रुवारी २०१९मध्ये निर्दोष सोडलं. पंचवीस वर्षं! वडील झालेली मुलं आजोबा होतात एवढा काळ. २००६च्या मालेगाव बॉम्बस्फोटात पकडलेल्या मुस्लिमांना दोषमुक्त व्हायला २०१६ उजाडलं. हे सगळं आपल्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतलं आहे. मला राग येतो तो याचा. कायद्यात हक्क लिहिलेला आहे आणि तो हातात पडायला माणसाची जवानी जाते.

या रागाचं आपण काय करतो? मला दोनच प्रकार दिसतात. एक, गिळून टाकतो. फक्त आयपीएल आणि शायरीचे स्टेटस ठेवतो. दोन, रात्री दोन वाजता खोट्या नावाच्या अकाउंटवरून ओकतो. एखाद्या समाजाला शिवी, एखाद्या बादशहाचा फोटो, तलवार, सिंहाचं इमोजी. पहिल्या प्रकारात हक्क वापराविना गंजतो. दुसऱ्यात आपण समोरच्याला हवं ते आयतं देतो. जून २०२३ला कोल्हापुरात काय झालं? काही पोरांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, ७ जूनला दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. दगड मारणाऱ्याचा गुन्हा दगड मारणाऱ्याचाच आहे, तो स्टेटसवर ढकलता येणार नाही, हे मी ठाम सांगतो. पण तरीही विचारतो : त्या स्टेटसमुळे कुणाच्या मुलीची फी भरली गेली? कुणाला घर मिळालं? ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्या धोरणाचा एक शब्द तरी बदलला?

तिसरा रस्ता आहे. स्वतःच्या नावानं, विचार करून, कायदा माहीत करून, मराठीत बोलायचं. मराठीत यासाठी की शेजाऱ्याला, तलाठ्याला, नगरसेवकाला आणि धुळ्याच्या पत्रकाराला ते वाचता आलं पाहिजे.

बोलण्याचे काही साधे नियम

मी हे नियम स्वतःसाठी केले आहेत. पटले तर घ्या.

एक, धोरणावर बोला, माणसांच्या समूहावर नको. ‘हा कायदा चुकीचा आहे, कारण…’ हे वाक्य कुठल्याही न्यायालयात उभं राहील. ‘ते लोक असेच असतात’ हे वाक्य उभं राहणार नाही आणि राहूही नये. आपल्याबद्दल कुणी तसं म्हटलं की आपल्याला लागतं ना?

दोन, ‘कारण’ या शब्दानंतर काहीतरी खरं लिहा. आकडा, तारीख, निकाल. ३,८३१ आणि १६२ हे दोन आकडे मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांडले तेव्हा वाद घालणारे दोन हिंदू मित्र थांबले. त्यातला एक म्हणाला, ‘हे माहीत नव्हतं.’ शंभर संतापी इमोजींनी हे झालं नसतं.

तीन, फॉरवर्ड केलेल्या मजकुराची जबाबदारी आपली आहे असं समजा. कुणी लिहिलं माहीत नाही, कुठला व्हिडिओ माहीत नाही, तर तो थांबवा.

चार, कायद्याची किमान माहिती ठेवा. जुलै २०२४पासून नवे कायदे लागू झाले. जुनं १५३-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, धार्मिक भावना दुखावण्याचं २९५-अ आता कलम २९९. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ला अर्नेश कुमारच्या प्रकरणात सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देता येते. अशी नोटीस आली तर पळू नका, फोन बंद करू नका. वकील घेऊन हजर राहा. मार्च २०२५मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. बोलण्या-लिहिण्याबद्दल तक्रार असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी कलम १७३(३) प्रमाणे १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य.

अटक झालीच तर कारण विचारा, ते सांगणं घटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे बंधनकारक आहे. २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. मुलींना सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. १८ वर्षांच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता कायद्यात लिहिलेलं आहे. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, कुणीही सांगितलं तरी.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं. महिलांना, मुलांना आणि कोठडीतल्या प्रत्येक माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आत्ता फोन काढा आणि सेव्ह करा. मी थांबतो.

आपल्याच घरातला सेन्सॉर

आता थोडं कडू बोलतो. इथं टाळ्या कमी पडतील, हरकत नाही.

२०१५च्या जानेवारीत मुंबईच्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी ‘शार्ली एब्दो’चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. त्यांनी माफी मागितली. तरी ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, मुंब्र्यात अटक झाली, ती आवृत्ती बंद पडली. तक्रारी कुणी केल्या? आपण. कुठल्या कलमाखाली? २९५-अ. जुलै २०१७ला तस्लिमा नसरीन औरंगाबादच्या विमानतळावर उतरल्या आणि बाहेरच्या निदर्शनांमुळे तिथूनच परत पाठवल्या गेल्या. निदर्शनं कुणी केली? आपण.

तुम्हाला ते चित्र आवडावं किंवा नसरीन यांचं लिखाण पटावं, असं मी म्हणत नाही. मलाही बरंच पटत नाही. पण जे कलम आपण दुसऱ्यावर चालवतो, ते आपल्यावर चालवलं जातं तेव्हा आपलं म्हणणं लंगडं पडतं. अभिव्यक्तीचा हक्क जमातीला दिलेला नाही, व्यक्तीला दिलेला आहे. अनुच्छेद १९ ‘सर्व नागरिकांना’ म्हणतो. त्या नागरिकांत आपली बहीणही येते. तिनं तलाकबद्दल, वारशातल्या हिश्श्याबद्दल, मशिदीत बायकांना जागा असावी याबद्दल काही लिहिलं की तिच्या भावाला फोन जातात, ‘बहन को समझाओ.’ पोलिसांनी आपल्याला असं समजावलं तर आपण त्याला दडपशाही म्हणतो. मोहल्ल्यानं तिला समजावलं तर त्याला काय म्हणायचं?

दिल्लीतल्या राजकारणावर माझा राग आहे तो यासाठीच, की ते मला व्यक्ती म्हणून बघत नाही, जमावातला एक आकडा म्हणून बघतं. मग मी माझ्या बहिणीला घराण्याच्या अब्रूतला एक आकडा म्हणून बघू शकत नाही.

हे आपल्या गावाचं आहे

कुणी म्हणेल, हे असलं बोलणं मोठ्या शहरात ठीक, धुळ्यात कुठं? मी म्हणतो, धुळ्यातच. १९३२ साली आपल्या याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. ही माणसं तिथं का होती? चोरी करून नव्हे. सरकार चुकतंय असं उघड बोलत होती, लोकांना जमवत होती, म्हणून. पुढे गुरुजींनी अमळनेरहून साप्ताहिक चालवलं. इथून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर.

आणि आपल्या बाजूचं नाव हवं असेल तर मौलाना हसरत मोहानी घ्या. १९०८ला त्यांच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’त इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर लेख छापून आला. सरकारनं लेखक कोण म्हणून विचारलं. त्यांनी नाव सांगितलं नाही, स्वतः जेलमध्ये गेले. पुढे हेच मोहानी संविधान सभेत बसले. ज्या संविधानाचा मी आज इतका हवाला देतोय, त्याच्या चर्चेत त्यांचाही आवाज आहे. हा वारसा कुणी आपल्याला भेट म्हणून दिलेला नाही, आणि कुणाच्या परवानगीनं वापरायचाही नाही.

२०१३च्या धुळ्याबद्दल एक गोष्ट अजून सांगायची राहिली. त्या दिवसाची काही दृश्यं लोकांनी मोबाइलवर टिपली होती. तोडफोड आणि लुटीत वर्दीतली माणसं दिसत होती. त्याच चित्रीकरणाच्या आधारे पुढे काही पोलिसांना अटक झाली. गेलेली मुलं परत आली नाहीत, तो हिशोब पुरा झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ज्यांनी फोन खिशात ठेवला नाही, त्यांच्यामुळे निदान एवढं झालं.

जुलै २०२५मध्ये राज्याचं विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्याआधी संयुक्त समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. १२ हजारांहून जास्त आल्या आणि मसुद्यातली काही भाषा बदलली. कायदा अजूनही मला धोक्याचा वाटतो. पण माझा तुम्हाला प्रश्न आहे : त्या १२ हजारांत देवपूरच्या किती होत्या? साधा ईमेल होता. त्यासाठी रस्त्यावर यायचं नव्हतं, घोषणा द्यायच्या नव्हत्या. नाव, पत्ता, आणि ‘या कलमाला माझा विरोध आहे, कारण…’

म्हणून जाताना एकच काम देतो. या आठवड्यात प्रत्येकानं एक पानभर मजकूर लिहायचा, मराठीत, स्वतःच्या नावानं. दिल्लीवर लिहा, नाहीतर तुमच्या वॉर्डातल्या गटारीवर लिहा. पण त्यात एक ‘कारण’ हवं आणि एकही शिवी नको. दोघांना वाचायला द्या. त्यातला एक असा हवा जो तुमच्या मताचा नाही. मग वर्तमानपत्राला पाठवा, महापालिकेत द्या, किंवा या मासिकाला पाठवा. महापालिकेत दिलं तर पोच घ्यायला विसरू नका. आणि घरी अम्मी म्हणाली की बेटा, कशाला लिहितोस, तर तिच्यावर चिडू नका. तिला ते पान आधी वाचून दाखवा. तिला लिहिता येत असेल तर खाली तिचीही सही घ्या.

प्रश्न असतील तर विचारा. न पटलेलं आधी विचारा.